कुत्र्याच्या पंज्यातले माइट्स: उपचार फसवणाऱ्या या चुका टाळा

पावसाळा लागला की प्राण्यांच्या दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या एक तक्रार हमखास कानावर पडते. "सारखे पाय चाटतो हो. बोटांच्या बेचक्या लालभडक झाल्यात. मलम झालं, पावडर झाली, नारळाचं तेल झालं, फरक नाही." यातले सगळेच पंजे माइट्समुळे, म्हणजे त्वचेत राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांमुळे, बिघडलेले नसतात. ज्यांचे खरंच माइट्समुळे बिघडलेले असतात, त्यांतल्या कितीतरी जणांचं दुखणं दवाखान्यात येण्याआधी घरीच वाढवून ठेवलेलं असतं.

न तपासता औषध सुरू करणं

बाकीच्या बऱ्याच चुका इथूनच निघतात. पाय चाटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण माइट्स नसून अ‍ॅलर्जी असतं: धूळ, परागकण, खाण्यातलं एखादं मांस किंवा धान्य. अशा कुत्र्याचे चारही पंजे किंवा निदान पुढचे दोन्ही पंजे लाळेमुळे तांबूस तपकिरी दिसतात. आंबूस वास येत असेल तर बुरशीचा संशय घ्यायचा. एकच पाय चाटत असेल तर आधी काटा, काच किंवा कुसळ शोधा. पाऊस सरल्यावर माळावर फिरायला नेत असाल तर कुसळ बेचकीतून आत शिरून वर सरकतं, वर गाठ येते, फुटते, पुन्हा येते. कितीही औषध लावा, कुसळ निघेपर्यंत ती बरी होणार नाही.

गोचिडीही बोटांमध्ये बसतात, पण त्या दिसतात. माइट्स दिसत नाहीत. डेमोडेक्स हा माइट पाव मिलिमीटरच्या आसपास असतो आणि केसाच्या मुळाशी आत राहतो. "मला किडे चालताना दिसले" असं कुणी म्हणालं तर तो डेमोडेक्स नव्हे, एवढं नक्की.

माइट्समुळे होणाऱ्या त्वचेच्या आजाराला गावाकडे सरसकट लूत म्हणतात, पण तिच्यामागे डेमोडेक्स आणि सार्कोप्टेस असे दोन वेगळे किडे असतात आणि दोघांचं वागणं वेगळं. डेमोडेक्स पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडूनच मिळतो. तो जवळपास सगळ्याच कुत्र्यांच्या अंगावर थोडाफार असतो आणि प्रतिकारशक्ती ढिली पडली की बोकाळतो. केस जातात, त्वचा जाड होते, पंजा सुजतो, पू होतो. खाज सुरुवातीला फार नसतेही. सार्कोप्टेस त्वचेत बिळं करतो, खाज अशी की कुत्रं रात्रभर झोपत नाही. त्याची आवडती जागा पंज्यापेक्षा कानाच्या कडा, कोपर, घोटे आणि पोट. कानाची कड बोटांत धरून चोळली आणि मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, तर संशय बळावतो. हा माणसालाही चावतो. घरातल्यांच्या हातांवर, पोटावर पुरळ आलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. डेमोडेक्स माणसाला लागत नाही.

तपासणी साधी आहे. डॉक्टर त्वचेची चिमटीत घडी धरून दाबतात, ब्लेडला लिक्विड पॅराफिनचा थेंब लावून तीच जागा पुन्हा पुन्हा खरवडतात. किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडायचं असतं, कारण किडा वर नसतोच. हे बघून "डॉक्टर, पुरे" म्हणू नका. काचपट्टीवर सिगारच्या आकाराचे, पुढच्या अर्ध्या भागातच आखूड पाय असलेले किडे दिसतात. सुजलेल्या पंज्यावर खरवडणं फार दुखतं, म्हणून तिथे केस मुळासकट उपटून तेही तपासतात. त्वचा फारच जाड झाली असेल तर बायोप्सी, म्हणजे त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासणं, लागते. सार्कोप्टेस मात्र खरवडीत अनेकदा सापडत नाही. रिपोर्ट कोरा आला तरी लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर उपचार करून बघतात, आणि ते बरोबरच आहे.

खाज थांबवायला स्टेरॉइड

मेडिकलमध्ये "कुत्र्याला लावायला काहीतरी द्या" म्हटलं की बहुधा माणसांची एक ट्यूब हातात येते, ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं तिन्ही असतं. दोन दिवसांत लाली उतरते. घरचे खूश. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, आणि डेमोडेक्सला नेमकं तेच हवं असतं. महिन्याभराने पंजा पहिल्यापेक्षा वाईट दिसतो. खाजेच्या इंजेक्शनचंही तसंच. इंजेक्शन देण्याआधी "यात स्टेरॉइड आहे का, आणि खरवड तपासली का?" एवढं विचारायला संकोच वाटू देऊ नका.

गोठ्यातलं औषध कुत्र्याला

गाईगुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन अंदाजाने टोचणं आपल्याकडे सर्रास चालतं. कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांसारख्या जातींत एका जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं. कुत्रं लडखडतं, आंधळं होतं, कोमात जातं. मिश्र जातीच्या कुत्र्यात हा दोष आहे की नाही हे बघून कळत नाही.

अमिट्राझचं द्रावण जुनं आणि उपयोगी औषध आहे, पण ते पाण्यात किती मिसळायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, हातमोजे घाला, उघड्या हवेत लावा आणि वाळेपर्यंत कुत्र्याला पंजा चाटू देऊ नका. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर त्याने हे काम करू नये, आणि मांजर असेल तर तिला जवळ फिरकू देऊ नका. रॉकेल, जळकं इंजिन ऑइल, फिनेल यांबद्दल काय बोलावं! त्वचा भाजते, आणि चाटून सगळं पोटात जातं. पंज्याला लावलेली प्रत्येक गोष्ट कुत्रं चाटणार, हे धरूनच चालायचं. कडुलिंबाच्या पाण्याने धुतलं तर फार बिघडत नाही, पण केसाच्या मुळाशी बसलेला डेमोडेक्स त्याने मरत नाही.

आजकाल डॉक्टर बहुतेक वेळा अफॉक्सोलानर, फ्लुरालानर किंवा सारोलानर या गटातल्या चघळायच्या गोळ्या देतात. गोचिडींसाठी देतात त्याच. डेमोडेक्सवर यांनी खरोखर काम सोपं केलं आहे. कुत्र्याला फिट येत असतील तर आधी सांगा; या गटाबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये तशी सूचना काढली आहे. गोळी वजनाच्या हिशेबाने असते. मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून दोन लहान कुत्र्यांना वाटायची काटकसर नको.

केस आले, औषध बंद

उपचार फसण्याचं हे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण. केस परत येतात, सूज उतरते, आणि पुढची गोळी राहून जाते. त्वचा चांगली दिसू लागली तरी मुळांत किडे उरलेले असतात, आणि पंज्यातले सगळ्यात उशिरा जातात. महिन्याच्या अंतराने लागोपाठ दोन खरवडी कोऱ्या आल्यावरच थांबायचं. त्यासाठी महिने लागतात. दर वेळी रिपोर्टमध्ये किडे, पिल्लं आणि अंडी किती ते वेगळं लिहून मागा. अंडी आणि पिल्लं कमी होत असतील तर पंजा वरून कसाही दिसो, औषध लागू पडतंय.

पू आणि ओल

माइट्समुळे फुटलेल्या केसमुळांत जिवाणू शिरतात, आणि कुत्रं लंगडतं ते मुख्यतः त्यामुळे. नुसती माइट्सची गोळी देऊन पू तसाच राहिला तर "औषध चालत नाही" असं वाटतं. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू दिला असेल तर फेस दहा मिनिटं पंज्यावर राहू द्या. लावला आणि धुतला, असं करून उपयोग नाही. डेटॉल नको. फिरून आल्यावर बेचक्या सुती कापडाने टिपून कोरड्या करा आणि बोटांमधले वाढलेले केस कापा. चाटणं थांबत नसेल तर गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घाला. पायात मोजे घालून ठेवू नका, आत ओल साठते.

टाळता काय येतं

सार्कोप्टेस टाळता येतो. घरातल्या सगळ्या कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार, अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात, आणि लूत भरलेल्या कुत्र्याशी जवळीक काही काळ बंद. डेमोडेक्सला स्वच्छतेने रोखता येत नाही, त्यामुळे शेजारच्या कुत्र्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे करायचं ते एवढंच की अंगभर किंवा पंज्यांत पसरलेला डेमोडेक्स झालेल्या कुत्र्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत. मादीत माजाच्या काळात तो उलटतोही, म्हणून नसबंदी करून घेतलेली बरी. लहान पिल्लाच्या तोंडावर एखाददुसरा टक्कल पडलेला ठिपका असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा तो औषधाशिवाय काही आठवड्यांत जातो.

चार वर्षांच्या पुढच्या कुत्र्याला पहिल्यांदाच डेमोडेक्स झाला असेल तर मात्र नुसत्या गोळीवर थांबू नका. थायरॉइड, कुशिंग (शरीरातच स्टेरॉइड जास्त तयार होण्याचा आजार), मधुमेह, एखादी गाठ किंवा आधी दिलेलं स्टेरॉइड यांपैकी काहीतरी मागे असू शकतं. रक्ताच्या तपासण्या पहिल्याच भेटीत करून घ्या.