जुना लँडलाइन फोन फायबरवर कसा घेतला

फायबर इंटरनेट आलं की नागपूरचा ०७१२ चा लँडलाइन फोन मोडेमच्या 'फोन' लिहिलेल्या पोर्टात आरजे-११ पिनने (फोनची नेहमीची छोटी पिन) लागतो. वरच्या खोलीतला फोनही त्यावरच चालवायचा होता, म्हणून आधी जुन्या लाइनची बाहेरून येणारी तांब्याच्या तारांची जोडी फोनच्या डबीतून सोडवली, टोकांना टेप लावली. मगच मोडेमची वायर घरातल्या जोडीला दिली. हे अजिबात टाळू नका. जुन्या लाइनचे ४८ व्होल्ट मोडेमात शिरले तर पोर्ट जळू शकतो.

टोन येतो पण नंबर लागत नाही? फोनखालचं बटण 'पल्स'वरून 'टोन'वर करा.

लाइट गेली की हा फोन बंद, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ती जातेच. मोडेमच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर बघून, बहुधा १२ व्होल्टचा, छोटा यूपीएस लावा.