फ्रेम काढताना पट्टीसोबत रंगाचा पोपडा निघत असल्यास

भाड्याच्या घरात खिळे ठोकण्यास मनाई असल्याने चित्रांच्या फ्रेम दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीवर लावल्या होत्या. परंतु जागा बदलताना पट्टीसोबत रंग आणि पुट्टीचा पोपडाही निघू लागला. सुरीने ओरखडे पडले, खोबरेल तेलाने डाग राहिला. वैताग आला, हे खरे.

अखेर उपयोगी पडलेला क्रम असा. फ्रेमला खालून आधार देऊन हेअर ड्रायरची मध्यम गरम हवा गोंद मऊ होईपर्यंत कडांवर फिरवली. मग दात साफ करण्याचा धागा फ्रेममागे घालून करवतीसारखा मागेपुढे ओढला, तेव्हा फोम मधोमध कापला जाऊन फ्रेम सुटली. भिंतीवरचा उरलेला थर पुन्हा गरम करून, स्वतःकडे न ओढता, अंगठ्याने भिंतीलगत गुंडाळत काढला.

पुन्हा लावण्यापूर्वी भिंतीवर काळे कापड घासून पाहावे. पांढरी भुकटी आली, तर तिथे पट्टीचा नाद सोडावा, कारण ती भिंतीला नव्हे, भुकटीलाच चिकटते. गुळगुळीत प्लास्टिक पेंटवर मात्र ताणून सुटणारी पट्टी घ्यावी, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवावी, पट्टी ३० सेकंद दाबून धरावी आणि हूक चिकटवल्यावर तासाभराने फ्रेम अडकवावी. काढताना पट्टीचे टोक भिंतीलगत सरळ खाली, अगदी सावकाश ओढावे.