विंडोज ११ टाकायला बसण्याआधी

सुटे भाग जोडून झाले, पंखे फिरले, स्क्रीनवर बायॉस (मदरबोर्डची स्वतःची सेटिंगची स्क्रीन) दिसलं, की हात लगेच पेनड्राइव्हकडे जातो. पण या नव्या कॉम्प्युटरवर अजून नेट नाही, ड्रायव्हर (सुटे भाग विंडोजकडून चालवून घेणारे छोटे प्रोग्रॅम) नाहीत आणि काही अडलं तर शोधायला ब्राउझरही नाही. म्हणून लागेल ते सगळं आदल्या दिवशी दुसऱ्या, चालू कॉम्प्युटरवर तयार करून ठेवा. विंडोज ११ एनव्हीएमई एसएसडीवर (वेगवान प्रकारच्या डिस्कवर) चढायला साधारण अर्धा तास लागतो. बाकीची संध्याकाळ जाते ती न आणलेला ड्रायव्हर आणि चुकलेली सेटिंग शोधण्यात.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा, पण १६ जीबीचा घ्या. त्यावर ड्रायव्हरही ठेवायचे आहेत. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल वापरलं की डाउनलोड आणि पेनड्राइव्ह तयार करणं, दोन्ही कामं एकदम होतात. डाउनलोड पाच-सात जीबीचं असतं, तेव्हा रोज दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर विसंबू नका. आयएसओ फाइल (विंडोजची सगळी सामग्री एकत्र बांधलेली फाइल) वेगळी उतरवलीत, तर ती उघडून आतल्या फाइल्स पेनड्राइव्हवर नुसत्या कॉपी करू नका. पेनड्राइव्हवर फाइल्स मांडण्याच्या फॅट ३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि आयएसओमधली मुख्य फाइल त्याहून मोठी असते. अशा वेळी रुफस हे पेनड्राइव्ह तयार करणारं सॉफ्टवेअर वापरा, पार्टिशन स्कीम जीपीटी (डिस्कची नवी मांडणी) ठेवा आणि टार्गेट यूईएफआय (आजच्या पद्धतीचं बायॉस) निवडा. विंडोज १० चा जुना पेनड्राइव्ह घरात असला तरी बाजूला ठेवा. त्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

पेनड्राइव्ह तयार झाल्यावरच त्यात ‘ड्रायव्हर’ नावाचं फोल्डर करा, कारण तयार करताना आधीचं सगळं पुसलं जातं. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून लॅन, वायफाय आणि चिपसेटचे ड्रायव्हर घ्या. बॉक्सवरचं मॉडेलचं नाव अक्षर न अक्षर जुळवा. त्यापुढे रिव्हिजनचा आकडा असेल तर तोही पाहा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनमध्ये वायफायची चिप वेगळी असू शकते. झिप फाइल्स उघडून ठेवा. इन्स्टॉलरला आतली आयएनएफ फाइल लागते, झिप त्याला वाचता येत नाही.

हे एवढं तपशिलात सांगण्याचं कारण म्हणजे विंडोज ११ सुरुवातीच्या सेटअपमध्येच इंटरनेट मागतं, आणि नव्या बोर्डांवरच्या २.५ गिगाबिट लॅन किंवा वायफाय ७ चिपचा ड्रायव्हर विंडोजच्या आत असेलच असं नाही. मग नेटवर्कच्या पानावर यादी रिकामी दिसते आणि पुढचं बटण दाबता येत नाही. त्या पानावर ‘इन्स्टॉल ड्रायव्हर’ दिसत असेल तर तुमचं फोल्डर दाखवा. दुसरा पक्का उपाय अँड्रॉइड फोनचा. डेटा चालणारी यूएसबी केबल लावून फोनवर यूएसबी टेदरिंग सुरू करा. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट कॉम्प्युटरला मिळतं. फक्त चार्जिंगपुरती असलेली केबल इथे कामाची नाही.

आता कॅबिनेटकडे. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाला नाही. नावात शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे बोर्डाचं एचडीएमआय तिथे कोरंच राहतं. रॅमच्या दोन पट्ट्या असतील आणि जागा चार, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी जागा वापरायची असते. डीडीआर ५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, कारण बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. बिघाड समजून मधेच स्विच बंद करू नका. ज्या एसएसडीवर विंडोज टाकायचं तेवढीच जोडलेली ठेवा, बाकीच्या डिस्क काढा. दुसऱ्या डिस्कवर आधीपासून ईएफआय पार्टिशन (बूट फाइल्सचा छोटा कप्पा) असेल तर विंडोज आपल्या बूट फाइल्स तिथे ठेवू शकतं, आणि पुढे कधी ती डिस्क काढली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

विजेचा भरवसा नसेल तिथे यूपीएसशिवाय बायॉस अपडेट करू नका. इन्स्टॉल करताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं, पण बायॉस लिहिलं जात असताना गेली तर बोर्डच अडकू शकतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस या कामाला पुरतो. अपडेट मात्र टाळू नका. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर ते अत्यावश्यकच आहे. जास्त व्होल्टेजमुळे त्यांतले अनेक प्रोसेसर अस्थिर होत होते. त्यावरची दुरुस्ती २०२४ मध्ये बायॉसमधूनच आली, आणि एकदा झालेलं नुकसान ती भरून काढत नाही.

बायॉसमध्ये शिरायला डिलीट की. आधी तारीख-वेळ तपासा. ती चुकीची असेल तर पुढे लॉगिन आणि अपडेट दोन्ही अडतात. मग सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू आणि टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) चालू. टीपीएमचं नाव इंटेल बोर्डावर पीटीटी, एएमडी बोर्डावर एफटीपीएम असं दिसेल. ही कामं आधीच करायची, कारण सीएसएम चालू ठेवून विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने चढलं तर नंतर डिस्क जीपीटीत बदलल्याशिवाय सिक्युअर बूट चालू करता येत नाही, आणि व्हॅलोरंटसारखे गेम विंडोज ११ वर त्याशिवाय चालत नाहीत. रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी एक्सएमपी किंवा एक्सपो सेटिंग सध्या बंदच असू द्या. रॅम डळमळीत असेल तर ‘आवश्यक फाइल खराब किंवा गहाळ आहे’ अशी चूक येते आणि माणूस उगाच पेनड्राइव्ह बदलत बसतो.

बूट मेन्यूची की आसुसवर एफ ८, एमएसआय आणि अॅसरॉकवर एफ ११, गिगाबाइटवर एफ १२. तिथे एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर नावापुढे यूईएफआय असलेला निवडा. कीबोर्डची भाषा इंग्लिश, यूएस किंवा इंडिया ठेवा. यूके निवडलं तर ॲट आणि दुहेरी अवतरणचिन्हाच्या जागा बदलतात आणि पासवर्ड चुकतो. मराठी कीबोर्ड नंतर सेटिंगमधून घ्या, तिथे फोनेटिकही मिळतो. प्रॉडक्ट की हाताशी नसेल तर ते पान ओलांडता येतं, पण होम किंवा प्रो ही आवृत्ती विकत घेतलेल्या लायसन्सप्रमाणेच निवडा. होमच्या कीने प्रो ॲक्टिव्हेट होत नाही.

डिस्कच्या यादीत एसएसडी दिसत नसेल तर आधी ती नीट बसली आहे का पाहा. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढे व्हीएमडी नावाची सेटिंग चालू असण्याची शक्यता असते, आणि मग ड्रायव्हरशिवाय एसएसडी दिसत नाही. बायॉसमध्ये ती बंद करा किंवा ‘लोड ड्रायव्हर’मधून इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर द्या. डिस्क दिसली की ‘अनअलोकेटेड स्पेस’ (न वाटलेली रिकामी जागा) निवडून पुढे जा, लागणारी छोटी पार्टिशन्स विंडोज स्वतः करतं. ५०० जीबीच्या डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. अपडेट आणि गेम मिळून सी लवकर भरतो आणि डीमधली रिकामी जागा त्याच्या कामी येत नाही. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढा, नाहीतर काही बोर्डांवर सेटअप पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो.

डेस्कटॉप आल्यावर क्रम असा: चिपसेट, लॅन, ग्राफिक्स, मग विंडोज अपडेट, दोनदा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह उरायला नको. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर विंडोज ११ च्या २४एच२ आणि नंतरच्या आवृत्त्या डिस्कचं एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणं) आपोआप चालू करू शकतात. अकाउंटमध्ये जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि तो कागद मदरबोर्डच्या बॉक्समध्ये ठेवा. एक्सएमपी किंवा एक्सपो त्यानंतर चालू करा आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट ८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालू द्या. चुका दिसल्या तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणा. कॉम्प्युटर उठलाच नाही तर बोर्डावरचं क्लिअर सीमॉस (बायॉसच्या सेटिंग मूळपदावर आणणारी सोय) वापरावं लागेल. त्याने टीपीएमची सेटिंग बदलली तर विंडोज पुढच्या बूटला तीच ४८ अंकी की मागतं.