हायकोर्टात रिट दाखल करताय? या चुका टाळा, नाहीतर मॅटर स्टॅम्प नंबरवरच (रजिस्टर होण्याआधीच्या तात्पुरत्या नंबरवर) अडकून राहील

मुंबई हायकोर्टाच्या अपीलेट साइडला (अपिलं आणि मुंबई शहराबाहेरच्या रिट ऐकणाऱ्या विभागाला) रिट टाकली म्हणजे स्टे (स्थगिती) मिळालाच असं बरेच पक्षकार धरून चालतात आणि गडबड तिथूनच सुरू होते. नुसतं दाखल केल्याने खालचा आदेश थांबत नाही. त्यासाठी अंतरिम प्रेयर (निकाल लागेपर्यंतच्या काळासाठीची मागणी) वेगळी लिहावी लागते, ती कोर्टासमोर मांडावी लागते आणि कोर्टाने तसा आदेश द्यावा लागतो. बांधकाम पाडायची नोटीस हातात पडलीये आणि याचिकेत प्रेयर फक्त ‘नोटीस रद्द करा’ एवढीच, असं कृपा करून होऊ देऊ नका.

मग संविधानाचं कलम २२६ (हायकोर्टाचा रिटचा अधिकार) की २२७ (खालच्या कोर्टांवर देखरेखीचा अधिकार)? जुन्या ड्राफ्टमधून ‘२२६ व २२७ अन्वये’ अशी ओळ उचलली जाते आणि कोणी विचारच करत नाही. दिवाणी कोर्टाच्या न्यायिक आदेशाविरुद्ध २२६ चालत नाही, २२७ च, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये राधेश्याम विरुद्ध छबीनाथ मध्ये स्पष्ट केलंय. आणि हा फरक पुढे चांगलाच जाणवतो, कारण सिंगल जजने २२६ खाली निकाल दिला तर लेटर्स पेटंट अपील (त्याच हायकोर्टाच्या मोठ्या बेंचकडे अपील) करता येतं, २२७ खाली दिला असेल तर तो रस्ता बंद (हे १९८६ च्या उमाजी मेश्राम निकालापासून आहे). कोर्ट फक्त शीर्षक बघत नाही, आतला मजकूर आणि मागितलेला दिलासा पण बघतं, म्हणून २२६ चा मुद्दा असेल तर तो ग्राउंड्समध्ये (आव्हानाच्या कारणांमध्ये) नीट दिसला पाहिजे. सिंगल बेंच (एक न्यायाधीश) की डिव्हिजन बेंच (दोन न्यायाधीश) हे अपीलेट साइड रूल्स १९६० च्या प्रकरण १७, नियम १८ मधली यादी बघून ठरवा, अंदाजाने नको.

जागा पण तपासा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची मॅटर्स तिकडे जातात, तरी जुन्या फॉरमॅटमुळे कॉज टायटलवर (याचिकेच्या सुरुवातीला कोर्ट आणि पक्षकारांची नावं असतात तिथे) अजून मुंबई छापून येतं.

अपील किंवा रिव्हिजनचा पर्याय असताना थेट रिट टाकायची असेल तर का, हे याचिकेतच लिहा (नैसर्गिक न्याय पाळला नाही, अधिकारच नव्हता, असं काहीतरी ठोस हवं). उशीर झाला असेल तर त्याचंही तेच. रिटला ठरलेली मुदत नाही म्हणून कितीही थांबलं तरी चालतं हा गैरसमज आहे, प्रत्येक रिकाम्या महिन्याचा हिशोब विचारला जाऊ शकतो.

आता कागद. हायकोर्टाची भाषा इंग्रजी, आणि आपल्याकडे फेरफार, पंचनामा, तहसीलदाराचा आदेश सगळं मराठीत, त्यामुळे भाषांतर आधीच करून ठेवा आणि पुसट झेरॉक्सला टाइप केलेली प्रत जोडा. सिनॉप्सिसमधल्या (सुरुवातीच्या सारांशातल्या) तारखा आणि एक्झिबिटवरच्या (जोडलेल्या कागदांवरच्या) तारखा जुळतात का ते दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, आपल्या डोळ्यांना आपली चूक दिसत नाही. ई-फायलिंगची पीडीएफ सर्च होणारी हवी, बुकमार्क हवेत, इंडेक्समधले पान नंबर खरे हवेत. याच विषयावर आधी कुठे याचिका केली असेल तर सांगून टाका. लपवलेलं बाहेर आलं की मेरिटवर (मूळ मुद्द्यावर) कोणी ऐकून घेत नाही. फाइल केल्यावर स्टॅम्प नंबर मिळतो, ऑब्जेक्शन (ऑफिसने दाखवलेल्या त्रुटी) निघाली की ती दूर केल्याशिवाय मॅटर रजिस्टर होत नाही, तर स्टेटस रोज बघा. मुदतीत दूर केली नाहीत तर याचिका फेटाळली जाऊ शकते, मग ती परत उभी करायला वेगळा अर्ज.

सगळ्यात जास्त वेळ मात्र वाया जातो सर्व्हिसमध्ये, म्हणजे समोरच्यांना नोटीस आणि प्रत पोचवण्यात. पहिली चूक म्हणजे खालच्या आदेशाचा ज्याला फायदा झाला त्यालाच पार्टी न करणं. जमिनीच्या वादात तहसीलदार, प्रांत, कलेक्टर सगळे रिस्पॉन्डंट आणि ज्याच्या नावाने नोंद झाली तो भाऊ गायब! त्याला ऐकल्याशिवाय त्याच्याविरुद्ध आदेश कसा होणार? उलट दिवाणी कोर्टाच्या आदेशाला आव्हान असेल तर त्या जजला पार्टी करायची गरज नसते.

सरकार पार्टी असेल तर प्रत सरकारी वकिलांच्या ऑफिसला द्या आणि शिक्का-सहीची पोच घ्या. मंत्रालयात इनवर्ड केलं म्हणून हे काम झालं असं समजू नका. कॅव्हेट (‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा समोरच्याचा अर्ज) लागलंय का ते फाइल करतानाच बघा, असेल तर कॅव्हेटरला प्रत आधी. कॅव्हेट ९० दिवस चालतं.

कोर्टाने हमदस्त परवानगी दिली की नोटीस स्वतः नेऊन देता येते, पण बरेच जण देतात आणि सर्व्हिसचं ॲफिडेव्हिट करायचंच विसरतात, मग तारखेला कोर्ट विचारतं सर्व्हिस झाली का आणि दाखवायला कागद नाही, तारीख पुढे. कोणाला, कुठे, कधी, कशी दिली हे ॲफिडेव्हिटमध्ये लिहा, पोच आणि पोस्टाचा ट्रॅकिंग रिपोर्ट जोडा. घेतली नाही, पत्त्यावर नाही असा शेरा आला तर तो पण जोडा आणि नवीन पत्ता शोधायला किंवा दुसऱ्या मार्गाने सर्व्हिसची परवानगी मागायला लगेच लागा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणि प्रत म्हणजे एक्झिबिटसकट पूर्ण संच. समोरच्याला प्रत आणि कागद न देता, त्याला न ऐकता अंतरिम आदेश मिळाला असेल तर समोरचा कलम २२६(३) खाली तो आदेश उठवायचा अर्ज करू शकतो, त्याची प्रत तुम्हाला देतो, आणि अर्ज कोर्टाला मिळाला किंवा प्रत तुम्हाला मिळाली, यातलं जे नंतर झालं तिथून दोन आठवड्यांत त्यावर निर्णय झाला नाही तर तुमचा स्टे उठल्यातच जमा होतो. त्यामुळे आदेश मिळाला त्याच दिवशी संच पाठवा.