जुने स्पीकर की नवे? घरासाठी निवडण्याआधी हे करून पाहा

चाळीस वर्षांपूर्वीचा स्पीकर आज जसा वाजतो, तसाच तो तेव्हाही वाजत होता असं धरून चालू नका. आधी त्याची तब्येत बघा, मग नव्याशी तुलना करा.

जाळी काढा आणि वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कोनाभोवतीची, म्हणजे शंकूसारख्या पडद्याभोवतीची, लवचिक कड पाहा. फोमची कड वापर नसला तरी साधारण दहा-वीस वर्षांत कुजते; रबराची बरीच जास्त टिकते, कापडाची त्याहूनही. नुसतं बघून समाधान मानू नका, बोटाने अलगद दाबा. माझ्या पहिल्या जुन्या जोडीची कड दिसायला शाबूत होती. बोट टेकवलं तर ते सरळ आरपार गेलं आणि नखात काळा, चिकट भुगा उरला. कड नवी बसवता येते, तेवढ्यावरून चांगला वूफर टाकून देऊ नका.

आता दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवा, कोन हळूच सरळ आत ढकला आणि कान जवळ न्या. खरखर आली तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारं तारेचं वेटोळं, चुंबकाच्या फटीत घासतेय. ही जोडी मी तरी घेणार नाही. ट्वीटरला, म्हणजे वरचे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला, मात्र बोट लावू नका, त्याचा पडदा फार नाजूक असतो.

मग मल्टिमीटर, म्हणजे विजेचा रोध ओममध्ये मोजणारं यंत्र. 8 ओमच्या वूफरवर साधारण 5.5 ते 7 ओम दिसायला हवेत, 4 ओमच्या वूफरवर 3 ते 3.5. आकडा आलाच नाही तर कॉइल किंवा एखादी जोडणी तुटली आहे.

सगळ्यात जास्त फसवतो तो क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज वूफरकडे आणि बारीक सूर ट्वीटरकडे वाटून देणारं सर्किट. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांत सुकतात, ट्वीटर मंदावतो आणि झांजांची चमक जाते. पुष्कळ जण या मंदपणालाच 'जुन्याचा ऊबदार आवाज' म्हणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. स्पीकर बनवणाऱ्याला तो आवाज कधीच नको होता. कपॅसिटर त्याच मूल्याचे घ्या आणि दोन्ही स्पीकरमधले एकदमच बदला, नाहीतर डावं-उजवं जुळणार नाही.

यानंतर अॅम्प्लिफायरचा हिशेब. छोटा डबा, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. अॅम्प्लिफायर मोजक्या वॅटचे होते तेव्हा डबे मोठे करावे लागत. 1946 चा क्लिप्शहॉर्न हा स्पीकर म्हणूनच कोपरा अडवून बसतो. 1954 मध्ये एडगर विल्चर या संशोधकाने एआर-1 या स्पीकरमध्ये हवाबंद डब्यातल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरलं. खर्ज छोट्या डब्यातून येऊ लागला, पण वॅट जास्त लागू लागले. म्हणून स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो ते, बघा: ती 3 डेसिबलने कमी असेल तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात. 92 डेसिबलच्या जुन्या जोडीला जिथे 10 वॅट पुरतात, तिथे 86 च्या नव्या जोडीला 40 लागतील.

आता ऐका. एक जुना आणि एक नवा शेजारी शेजारी ठेवा, दोन्हींना एकच मोनो (डावं-उजवं वेगळं नसलेला) सिग्नल द्या आणि फोनवरच्या मापकाने पातळी जुळवा. हे टाळू नका, कारण जरासा मोठा वाजणारा स्पीकर कानाला चांगलाच वाटतो. पुढे पातळ कापड धरा, अदलाबदल दुसऱ्या कुणाला करू द्या. माणसाचा बोलता आवाज लावा. तो रोज ऐकून कान इतके तयार झालेले असतात की खोट लगेच कळते. मग त्याच आवाजावर बाजूला चार पावलं सरका. बाजूला जाताच आवाजाचा पोत बदलला, तर वूफरकडून ट्वीटर जिथे सूत्रं घेतो तो सांधा नीट जुळलेला नाही. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडात घेतलेल्या आंधळ्या (कोणता स्पीकर वाजतोय हे न दाखवता घेतलेल्या) चाचण्यांत श्रोत्यांना समोरून सपाट, म्हणजे सगळे सूर सारख्याच पातळीवर देणारा, आणि बाजूंनाही गुळगुळीत उतरणारा प्रतिसाद असलेले स्पीकर आवडले. इथे चांगले नवे स्पीकर बहुतेक जुन्यांना मागे टाकतात.

मग जुनं घ्यावं कधी? खोली मोठी असेल, डागडुजीची हौस असेल आणि मोठ्या वूफरचा तो न दमणारा, सहज आवाज तुम्हाला हवा असेल तेव्हा. नाहीतर बिनदिक्कत नवे घ्या.

जोडी कुठलीही असो, घरी आणल्यावर खर्ज घुमला तर लगेच परत करू नका. तो बराचसा खोलीच घडवते. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पुन्हा ऐका, आणखी वीतभर ओढा.