पहिला काता आयुष्यभर कसा करावा आणि कसा शिकवावा

शोतोकान या कराटेच्या शैलीत पांढरा बेल्ट बांधलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत आधी शिकवला जाणारा हेइआन शोदान हा काता (ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींची मालिका) ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर बहुतेकजण सोडून देतात, आणि माझ्या मते तिथेच त्यांची वाढ खुंटते. जपानच्या ओकिनावा बेटावर कराटेचे गुरू इतोसू आन्को यांनी शाळकरी मुलांसाठी पिनान नावाची पाच कातांची मालिका रचली. १९२२ मध्ये टोकियोला गेलेल्या, शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी यांनी पुढे तिचे नाव हेइआन केले आणि तिच्यातील दुसरा काता पहिल्या जागी आणला. २१ हालचालींचा हा काता सुमारे ४० सेकंदांत संपतो, त्यामुळे सरावाला वेळ मिळत नाही ही सबब इथे चालत नाही.

स्वतःचा सराव करताना तो रोज तीनदा करावा. पहिल्या वेळी जोर न लावता, श्वास ऐकू येईल इतका सावकाश. दुसऱ्या वेळी दोन्ही मुठी कमरेशी ठेवून केवळ पायांनी. आणि तिसऱ्या वेळी पूर्ण ताकदीने, नवव्या व सतराव्या हालचालीला किआई (जोरदार आरोळी) देऊन. दुसरी फेरी कंटाळवाणी वाटते, पण झेनकुत्सु-दाचीत (पुढच्या पायावर भार असलेल्या पवित्र्यात) पुढचा गुडघा आत कलतो आहे का, हे हात मध्ये नसतानाच दिसते. वजन साधारण साठ टक्के पुढच्या पायावर असावे आणि गुडघा पावलाच्या रेषेत राहावा. चाळिशीनंतर पवित्रा थोडा आखूड व उंच घेण्यात कमीपणा मानू नये. वळताना टाचेवर फिरावे; रबरी मॅटवर पाऊल चिकटून राहिले की सगळा पीळ गुडघ्यात जातो, आणि हे मी दोन महिने जिना आधार घेऊन चढल्यावर शिकलो.

शिकवायला उभे राहिल्यावर पहिले काही दिवस विद्यार्थ्यांकडे पाठ करावी, कारण समोरासमोर उभे राहिल्यास नवख्यांचा डावा-उजव्याचा गोंधळ हमखास होतो. पहिल्या दिवशी पाच हालचालींच्या पुढे जाऊ नये. खरा अडथळा दहाव्या हालचालीला येतो. तिसरा आगे-उके (हात वर उचलून केलेला बचाव) संपतो तेव्हा उजवा पाय पुढे असतो आणि तिथून डावा पाय पाठीमागून नेत पाऊण फेरी घेऊन उजव्या भिंतीकडे तोंड करायचे असते. परंतु ‘डावा पाय’ हे शब्द कानावर पडताच अर्धी रांग डाव्या भिंतीकडे वळते. अशा वेळी अंश सांगत बसू नये. आधी मान वळवून भिंतीवरची एखादी वस्तू, आमच्या शाळेच्या सभागृहात ते घड्याळ असे, पाहायला लावावी आणि मगच पाय उचलू द्यावा.

शिक्षकाचे दोष विद्यार्थी न सांगता उचलतात. एका संध्याकाळी तेराव्या हालचालीच्या ओई-झुकीला (पाऊल पुढे टाकून मारलेल्या ठोशाला) माझ्यासमोरच्या नऊ मुलांपैकी सहा जणांचा उजवा खांदा वर गेलेला दिसला. मी त्यांना दरडावले, आणि घरी आरशासमोर उभा राहिलो तर माझाही खांदा तसाच वर येत होता. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा मोबाइलवर स्वतःचे चित्रीकरण करतो. वर्गात कनिष्ठ बेल्टच्या मुलालाही माझी चूक दाखवण्याची मुभा असते, मात्र त्याने आधी वाकून ‘रेई’ करावे एवढी अट असते.

शेवटच्या चार शुतो-उकेंमध्ये (उघड्या तळहाताच्या कडेने केलेल्या बचावांमध्ये) कोकुत्सु-दाची हा पवित्रा येतो, तिथे वजन मागच्या पायावर सुमारे सत्तर टक्के जाते. मुले इथे घाई करतात आणि मागचा गुडघा सरळ करून टाकतात. म्हणून या चार हालचाली मी वेगळ्या, प्रत्येकीवर तीन श्वास थांबवून करून घेतो.

काता सुरू करण्यापूर्वी फरशीवर खडूने पावलांभोवती रेघ मारावी. शेवटी पाय त्या रेघेशी परत यायला हवेत. वीतभर फरक पडला तर कोणत्या बाजूची पावले आखडली ते मोजावे, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाजू आधी करावी.