मेथडमधून नवा ऑब्जेक्ट रिटर्न करताना

प्रोग्रॅममध्ये मेथड, म्हणजे ऑब्जेक्टवर चालणारे फंक्शन, लिहायला घेण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून टाकावी: ती ज्या ऑब्जेक्टवर चालते त्यातच बदल करणार, की त्याला हात न लावता नवा ऑब्जेक्ट तयार करून देणार. पायथॉनने हा भेद कसोशीने पाळला आहे. लिस्टची 'सॉर्ट' ही मेथड ती लिस्ट जागच्या जागी लावते आणि 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') रिटर्न करते, तर 'सॉर्टेड' हे फंक्शन मूळ लिस्ट तशीच ठेवून नवी देते.

समजा, जावामध्ये 'बिंदू' नावाचा क्लास (ऑब्जेक्टचा साचा) असून त्यातली 'क्ष' आणि 'य' ही दोन्ही फील्ड फायनल, म्हणजे एकदा किंमत दिली की न बदलणारी, आहेत. बिंदू सरकवायचा असेल, तर किती सरकवायचा ते 'आडवे' आणि 'उभे' या पॅरामीटरमध्ये घ्यावे, मेथडचा रिटर्न टाइप 'बिंदू' ठेवावा आणि आत एवढीच ओळ लिहावी:

रिटर्न न्यू बिंदू(क्ष + आडवे, य + उभे);

मेथड संपली तरी हा ऑब्जेक्ट नाहीसा होत नाही, कारण तो हीपवर (मेथड संपल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) असतो आणि परत जातो तो त्याचा रेफरन्स, म्हणजे त्याच्याकडे नेणारा दुवा. सी प्लस प्लसमध्ये मात्र मेथडमधल्या लोकल ऑब्जेक्टचा रेफरन्स कधीही रिटर्न करू नये, कारण मेथड संपताच तो ऑब्जेक्ट नष्ट होतो. तेथे सरळ व्हॅल्यू रिटर्न करावी. कॉपीच्या खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, कारण रिटर्नच्या ओळीतच तयार केलेल्या ऑब्जेक्टची कॉपी सी प्लस प्लस १७ पासून होतच नाही.

खरी गफलत होते ती फील्डमध्ये लिस्ट असते तेव्हा. 'बिल' या क्लासमधली 'वस्तू' ही लिस्ट नव्या बिलाला जशीच्या तशी दिली, तर बिले दोन पण लिस्ट एकच, आणि नव्या बिलात वस्तू घातली की ती जुन्यातही उमटते. म्हणून 'न्यू अ‍ॅरेलिस्ट(वस्तू)' असे लिहून लिस्टची प्रत द्यावी. या प्रतीतही आतल्या वस्तू मात्र सामायिकच राहतात. त्या बदलण्याजोग्या असतील, तर प्रत्येकीची वेगळी प्रत काढावी लागते.

वापरणाऱ्याची ठरलेली चूक म्हणजे उत्तर वाऱ्यावर सोडणे. अक्षरे कॅपिटल करून नवी स्ट्रिंग देणारी मेथड वापरताना 'नाव.टूअपरकेस()' एवढेच लिहिले, तर 'नाव' तसेच राहते आणि जावाचा कंपायलर चकार शब्द काढत नाही. मी स्वतः अशा एका ओळीपायी अख्खी दुपार घालवली आहे. यावर निम्मा उतारा नावातच असतो. २०१४ मध्ये जावा ८ सोबत आलेल्या 'लोकलडेट' या तारखेच्या क्लासमध्ये 'सेट'ने सुरू होणारी मेथडच नाही. 'प्लसडेज', 'विथइयर' अशी नावे आहेत, आणि त्या प्रत्येकीचे उत्तर व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावे लागते.